जिनवरची बाई

दिग्रसच्या चौकात जिनवरची बाई उभी राहिली, त्यात माझी एक घोडचूक आहे. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. गावात माझी ख्याती 'कधी न चुकणारा सदाशिव मिस्त्री' अशी आहे, आणि खरं सांगायचं तर ती ख्याती बरीचशी मीच पसरवलेली आहे.

पुसद रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये मी अठ्ठावीस वर्षं फिटर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. पूर्वी आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं, आता समजावून सांगावं लागतं. लांबलचक शेड, शेडमध्ये दोन रांगांत चोवीस जिन, वर छताखाली एकच लोखंडी शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक जिनवर उतरलेला एकेक पट्टा. प्रत्येक जिनसमोर एक बाई. ती ओंजळीने कापूस सोडायची, चामड्याचा रूळ तो ओढून घ्यायचा, रुई पुढे यायची आणि सरकी टपटप खाली पडायची. जिन अडलं की बाई ओरडायची, "मिस्त्री!" आणि मी पाना घेऊन धावायचो. माणसांपेक्षा मला यंत्रं जास्त कळतात, असं माझी बायको बेबी लग्नापासून म्हणत आली आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिचं खरं आहे.

जिनिंग बंद पडलं, शेड पाडली, तिथे मंगल कार्यालय झालं. भंगाराच्या ट्रकवर सगळी जिनं चढली, तेव्हा मी भांडून एक उतरवून घेतलं आणि परसात आणून ठेवलं. बेबीने त्यावर बारा वर्षं पापड वाळवले. मागच्या वर्षी गावातल्या काही कापूस व्यापाऱ्यांनी आणि निवृत्त मास्तरांनी समिती केली. बसस्टँडजवळच्या चौकात जिनिंगची आठवण म्हणून शिल्प बसवायचं ठरलं. मला वाटलं होतं, मालकाचा अर्धपुतळा बसवून हार घालून मोकळे होतील. पण मास्तर लोक अडून बसले. खरं जिन बसवायचं आणि त्याच्यासमोर कापूस सोडणारी बाई. मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. माझं जिन दिलं, रूळ नवीन चढवला, रुळाला टेकलेल्या सुरीला धार लावली. शोभेच्या जिनला धार कशाला, असं समितीचे अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, बोथट सुरी चौकात ठेवून मला तोंड काळं करून घ्यायचं नाही.

बाई घडवायचं काम कळंबच्या जीवनला दिलं. जीवन तिशीचा असेल. एरवी गणपती करतो, फायबरमध्येही त्याचा हात चांगला आहे. "काका, कोनाले पाहून करू?" त्याने विचारलं. मी एका क्षणात नंदाबाईचं नाव सांगितलं.

नंदाबाई एक नंबरच्या जिनवरची. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात राहते. तिच्या आजोबा-पणजोबांनी बैलांवर मीठ लादून मुलुख पालथा घातला, आणि तिने बावीस हंगाम एका जागेवर उभं राहून कापूस सोडला. शेडमध्ये तिची एक पद्धत होती. सकाळी शाफ्ट सुरू व्हायच्या आधी ती दोन्ही रांगांतून फिरायची आणि एकेका बाईच्या कमरेची गाठ ओढून पाहायची. पदर कमरेला करकचून आवळलेला असला पाहिजे, वेणी फडक्याच्या आत. पट्ट्याला पदराचं टोक लागलं तर पट्टा बाईला सोडत नाही. दुसऱ्या एका जिनिंगमध्ये तसं झालेलं आम्ही ऐकून होतो. नंदाबाईने मान हलवल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही. त्या बावीस हंगामांत आमच्या शेडमध्ये एकाही बाईला इजा झाली नाही. ह्याचा मान मी आजवर माझ्या पट्ट्यांना देत आलो होतो.

जीवन तांड्यात जाऊन तिचे फोटो काढून आला. महिन्याभराने त्याने जिनसकट सगळ्या शिल्पाचा मातीचा छोटा नमुना पाहायला बोलावलं. मी कळंबला गेलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि जीवनच्या कारखान्यात जाऊन बसलो तो चार तास. जिनचा एकेक बोल्ट मोजला. पट्टा उलट्या बाजूने उतरवला होता, तो बदलायला लावला. बाईचे हात दोन बोटं वर होते, ते खाली घ्यायला लावले. चेहरा तर असा हुबेहूब की मी हसलो. मग कागदावर सही केली: नमुना तपासला, बरोबर आहे, सदाशिव मिस्त्री.

अनावरणाला दहा दिवस राहिले तेव्हा तयार बाई दिग्रसला आली. एका व्यापाऱ्याच्या गोदामात तिला जिनसमोर उभं केलं. मी मोठ्या हौसेने नंदाबाईला बोलावणं धाडलं. ती आली, सोबत तिची लेक बबिता होती. बबिता अंगणवाडीत सेविका आहे. आईचा पुतळा होणार ह्या आनंदात तिचे सगळ्या तांड्याला मोबाइलवर फोटो दाखवून झाले होते.

नंदाबाईने बाईभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. बबिता फोन धरून तयार होती. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"मिस्त्री," नंदाबाई म्हणाली, "हे बाई मरन."

"काहून?"

तिने बोट दाखवलं, आणि मला घाम फुटला. बाईच्या खांद्यावरून पदर मागे सुटला होता. ऐटबाज पदर, गोंडे लावलेला. त्याचं टोक वाऱ्यावर उडाल्यासारखं वळलं होतं, आणि ते टोक बरोबर पट्ट्यापासून चार बोटांवर होतं. पाठीवर लांब वेणी. हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. नवरी माहेरी चालली होती आणि वाटेत जिन लागलं म्हणून जरा थांबली, असा तो थाट.

मी चार तास बोल्ट मोजले होते. बाईकडे पाहिलं ते फक्त हात बरोबर जागी आहेत का एवढ्यापुरतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. माझी सही होती त्यावर.

"चूक माही बी हाये," नंदाबाई म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "हा पोरगा फोटो काढाले येनार म्हनून मी सकाळपासून नटली. सुनेच्या लग्नातली साडी काढली. कामाच्या चिंध्या नेसून कोन फोटो काढते?"

"मावशी, मले काय माहीत?" जीवन बिचारा रडकुंडीला आला. "मी तं जसं दिसलं तसं केलं."

"तुहा दोष नाई रे बाबा. पन असं चौकात उभं नोको करू मले. नऊ नंबरवरची मानी पाहीन, बाकीच्या पाहतीन. म्हनतीन, नंदी जिनवर गेलती का लग्नाले? बावीस हंगाम खोटे पडन माहे."

तेवढ्यात अध्यक्ष आले. निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या, मंडप सांगून झाला होता. "काका, एवढं कोणाला कळणार आहे?" ते म्हणाले.

माझा पारा चढायला एवढं पुरे होतं. "कोणाला म्हणजे? चौकातून रोज भाजी घ्यायला जाणाऱ्या चाळीस-पन्नास म्हाताऱ्या आहेत, त्यांना कळणार. ज्यांच्यासाठी हे करून राह्यलो त्यांनाच हसू येणार असेल, तर जिन मी परत घेऊन जातो. माझ्या बायकोचे पापड खोळंबलेत."

अध्यक्ष माणूस तसा वाईट नाही. कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आठ दिवस घ्या. त्यावर एक दिवस मिळणार नाही."

आम्ही जीवनकडे पाहिलं. तो पुतळ्याला हात लावून विचार करत होता. पदर आणि वेणी कापून काढता येईल, म्हणाला. नवा पदर घडवायला वेळ नाही, पण खरं कापड रेझिनमध्ये भिजवून अंगावर नेसवलं तर ते जसं बांधू तसं वाळून टणक होतं. मग त्यावर रंगाचा हात दिला की झालं. "पन बांधाले येते कोनाले? आनि घाई लागते. दहा-बारा मिंटात कापड कडक व्हाले लागते."

"मी बांधतो ना," नंदाबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पदर बांधला का मंग फडकं बी बांधा लागन."

"कोनतं फडकं?"

तिने हाताने नाकावरून, तोंडावरून बांधल्यासारखं करून दाखवलं. जिनवर रुईचा भुरका उडतो. नाकात गेला तर माणूस दोन दिवसांत खोकून बेजार. म्हणून शेडमधल्या साऱ्या बाया डोक्यावरून एक फडकं घ्यायच्या आणि दुसरं नाका-तोंडावरून मागे बांधायच्या. दिसायचे ते फक्त डोळे.

जीवनने जीव ओतून घडवलेला तो चेहरा सगळ्यांच्या समोर होता.

"याडी," बबिता आईला म्हणाली, तांड्यात लेकरं आईला याडीच म्हणतात, "तोंड झाकलं तं मंग तुले वळखन कोन? साऱ्यायले सांगून ठेवलं मी. तुह्या नातवायनं शाळेत सांगतलं."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. पदर हा जिवाचा प्रश्न होता, फडक्यावाचून काय अडलं होतं? एका बाईचा चेहरा चौकात कायमचा राहतोय, राहू द्यावा. "नंदाबाई," मी म्हटलं, "फडक्याचं जाऊ द्या. तेवढं चालते."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मिस्त्री, तुमी मले मशीनवर उघड्या तोंडानं कवा पाह्यलं?"

मी आठवून पाहिलं. एक दिवसही आठवला नाही.

"मले दोन दिवस द्या," ती म्हणाली आणि बबिताला घेऊन निघून गेली.

ते दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बेबीने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं रोज त्या बायांची जेवायच्या सुट्टीत भेट व्हायची ना? तुम्ही त्यांच्याकडं पाहात नव्हते का?" जेवायच्या सुट्टीत मी पट्ट्यांना मेण लावायचो. ते तिलाही ठाऊक होतं. बाईमाणसाची मेहरबानी अशी की तिने तो विषय तिथेच सोडला आणि माझ्यापुढे ताट ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाई गोदामात हजर. काखेत गाठोडं. त्यात धुवट झालेली एक जुनी लुगड्याची पट्टी आणि दोन फडकी. जीवन रात्रीच कळंबहून आला होता. पदर आणि वेणी त्याने कापून काढली होती. बबिताही आली होती, पण गोदामाच्या दारातच उभी राहिली.

"दोन दिस तोंड फुगवून बसली हाये," नंदाबाई मला हळूच म्हणाली. "माहं बी मन कुठं मानत होतं? आपलं तोंड कोनाले नाई आवडत? रात्री आरशात पाहून घेतलं. मंग म्हटलं, नंदे, बावीस हंगाम तुवा तोंड झाकून काम केलं, आता ते काम दाखवाचं का तोंड दाखवाचं?"

जीवनने तिच्या हातात रबरी मोजे चढवले, बादलीत रेझिन कालवलं. वास असा की डोळे चुरचुरले. कापड बुडवून त्याने तिच्या हाती दिलं, आणि ती बाई जी सुटली! वय अडुसष्ट, पण हात तिशीचे. लुगड्याची पट्टी खांद्यावरून काढली, पाठीमागून वळवली, कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि पाय रोवून अशी ओढली की पुतळा हलला. "हळू मावशी!" जीवन ओरडला. "हळू बांधली का सुटते," ती म्हणाली. बांगड्यांवर तिने चिंधी गुंडाळायला लावली, कारण शेडमध्ये बांगड्या फुटू नयेत म्हणून बाया तसंच करायच्या. मग डोक्यावर फडकं, कानांमागे खोचलेलं.

शेवटचं फडकं हातात घेऊन ती थांबली. समोर तिचाच चेहरा होता. तिने तो पाहून घेतला, शेतातून निघताना माणूस एकदा मागे वळून पाहतो तसा.

"नाक चांगलं काढलं रे पोरा," ती जीवनला म्हणाली.

"मावशी, दोनच मिंटं हायेत. नाई बांधलं तरी चालते."

तिने फडकं नाकावर ठेवलं, दोन्ही टोकं मागे नेली आणि बांधलं. मी जिनच्या बोल्टकडे पाहू लागलो, पण तेही काही स्पष्ट दिसेनात.

दारातली बबिता आत आली होती. तिने पुतळ्याच्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. "याडी, लहानपनी मी तुले डबा घेऊन येवो ना," ती म्हणाली, "तवा तू अशीच दिसे. सगळ्या सारख्याच दिसत. मी दारात उभी राहून रडो, का माही याडी कोनती." नंदाबाई हसली आणि मोजे काढून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

अनावरणाच्या सकाळी चौक माणसांनी फुलला होता. पाहुण्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने कापसाला पांढरं सोनं म्हणून घेतलं. मी मागच्या खुर्चीत अस्वस्थ बसलो होतो. माझी नजर भाषणांकडे नव्हती, ती दुकानांच्या फळ्यांवर, रसवंतीच्या सावलीत बसलेल्या बायांकडे होती. जिनिंगमधल्या साऱ्या आल्या होत्या. कुणी दारव्ह्याहून लेकीकडून आलेली, कुणी महागावहून एसटीने. मंडपात त्यांना कुणी खुर्च्या दिल्या नव्हत्या, आणि त्यांनीही मागितल्या नव्हत्या. निकाल ह्याच बाया देणार होत्या.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. बाया उठल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. सगळ्यांत पुढे नऊ नंबरच्या जिनवरची मानीबाई, काठी टेकत. तिने आधी जिन पाहिलं, मग बाई. कमरेच्या गाठीला हात लावून पाहिला.

"अवं माय," मानीबाई म्हणाली, "हे तं मीच हाओ!"

तिने नातीला ओढून पुढे घेतलं. "पाह्य राखी, तुही आजी. अशीच उभी राहो मी. अस्सेच हात." शेजारची म्हणाली, मानी, तुह्ये डोये एवढे मोठे कुठं हायेत, हे मी हाओ. तिसरी म्हणाली, चार नंबरवर डावा पाय असाच पुढं टाकून कोन उभं राहे, सांगा बरं. हां हां म्हणता चौकात भांडण जुंपलं, आणि त्या भांडणात सगळ्या हसत होत्या. पोरांनी मोबाइल काढले. ज्या त्या आजीला बाईशेजारी उभं राहून फोटो हवा होता. शेवटी मास्तरांनी रांग लावली.

बबिता माझ्याजवळच उभी होती. तिला राहवेना. "मावशी," ती मानीबाईकडे पाहून म्हणाली, "ते तं माही..." नंदाबाईने तिचा हात दाबला. मग आईकडे पाहून बबिताही हसली आणि म्हणाली, "चाल मंग, लाइनीत लाग."

नंदाबाई रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे अकरा बाया होत्या. मी लगबगीने गेलो. "नंदाबाई, चला, मी पुढं नेतो तुम्हाले. हे काय, तुम्हीच रांगेत?"

"राहू द्या मिस्त्री," ती म्हणाली. "त्यायचा नंबर पयले लागला."

मीही मग तिथेच थांबलो. ऊन चढलं होतं. अध्यक्ष चहाला बोलवून गेले, मी गेलो नाही. अर्ध्या तासाने तिचा नंबर आला. ती त्या बाईशेजारी जाऊन उभी राहिली, एक हात जिनवर टेकवून. बबिताने मोबाइल धरला. "याडी, हास नं!" आणि नंदाबाई तोंड भरून हसली. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते. बावीस हंगाम एका शेडमध्ये काढले, आणि ते मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.